हजेरीत एक आरसा कमी

किस्से जमवायचे म्हणून कुणी जमवत नाही. लोक गाड्या जमवतात. रविवारी सकाळी आमच्या घरी चार माणसं सतरंजीवर बसतात, दोन तासांनी उठून जातात, आणि मी कप उचलायला गेले की एखादा किस्सा तिथे पडलेला असतो. कप धुऊन होतात. किस्से तसेच राहतात. सहा वर्षांत इतके साचलेत की कुणाला तरी सांगून टाकल्याशिवाय आता नवा ठेवायला जागा नाही.

गाड्या म्हणजे पिच्चरमधल्या गाड्या. पडद्यावर गाजलेल्या गाडीची हुबेहूब छोटी प्रतिकृती, टपापासून नंबरप्लेटपर्यंत. खेळण्यातली म्हटलेलं चालत नाही. मी एकदा म्हटलं होतं, तर माझा नवरा हेमंत दिवसभर माझ्याशी फक्त 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलला. डाकूंच्या मागे धावणारी पोलिसांची जीप, खलनायक जिच्यातून आधी पांढरे बूट बाहेर काढतो ती लांब काळी गाडी, हिरोचा ट्रॅक्टर, लग्नमंडपातून पळालेल्या हिरॉइनची बस. बुऱ्हाणपुरात लोधीपुऱ्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत, काचेच्या कपाटात, अशा त्रेचाळीस गाड्या उभ्या आहेत. खऱ्या गाडीच्या नावाने आमच्याकडे एक स्कूटर आहे.

मंडळी चौघंच. हेमंत, त्याचं कापडाचं दुकान आहे. चौधरी सर, शाळेत ड्रॉइंग शिकवून रिटायर झालेले. मुकेशभैया, चौकातल्या मेडिकलवाले. आणि इच्छापूरला केळी लावणारे प्रल्हादभाऊ. मी मेघा. एम.एस्सी. केमिस्ट्री, सध्या मिनूची आई. मिनू दोन वर्षांची आहे. मी मंडळात नाही. मी चहा करते आणि काळजी करते. त्यातलं दुसरं काम जास्त मन लावून.

* * *

माझं लग्न या गाड्यांमुळेच ठरलं, असं हेमंत सांगतो. मी ते कधी मान्य केलेलं नाही.

बघण्याच्या कार्यक्रमात आम्हा दोघांना 'बोला तुम्ही' म्हणून गच्चीवर पाठवलं. मला वाटलं, हा आता आवडीनिवडी विचारेल, स्वयंपाक येतो का विचारेल. मी उत्तरं पाठ करून गेले होते. याने खिशातून मोबाइल काढला, एका जीपचा फोटो दाखवला आणि विचारलं, "यात काय चुकलंय?"

मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण परीक्षेत पेपर कोरा ठेवायची सवय नाही. मी म्हटलं, "टायर फार स्वच्छ आहेत. डाकूंच्या मागे धावून आलेली जीप अशी असते का?"

हेमंत एक शब्द न बोलता जिना उतरून खाली गेला. मी वर एकटीच. मला वाटलं, गेलं हे स्थळ. खाली जाऊन बघते तर याने होकार देऊन टाकलेला आणि सगळ्यांच्या हातात मावा जिलेबी.

* * *

त्या स्वच्छ टायरांचं पुढे काय झालं, तो वेगळाच किस्सा.

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात हेमंतने माझं ते वाक्य मंडळासमोर ठेवलं. सर्वांना पटलं. जीपला धूळ लावायची ठरली. प्रल्हादभाऊ दुसऱ्या रविवारी शेतातली माती पिशवीभर घेऊन आले. चौधरी सरांनी चिमूटभर तळहातावर घेतली आणि नापास केली. केळीची काळी माती, ही जीपला लावली तर पोलीस डाकू सोडून केळी चोरायला गेले होते असं वाटेल, म्हणाले. डाकूंच्या पिच्चरमध्ये पिवळी माती हवी, आणि छोट्या गाडीला धूळही तितकीच बारीक हवी.

मग सगळे तापीच्या काठावर गेले, पाहिजे तशी माती शोधून आणली आणि ती बारीक करायला घरात जी सगळ्यात बारीक चाळणी होती ती वापरली. ती माझी मैद्याची चाळणी होती. माहेरून आणलेली. वापरून झाल्यावर झटकून जागेवर ठेवली, हे हेमंतने मला फार अभिमानाने नंतर सांगितलं.

नंतर म्हणजे शंकरपाळे तळून झाल्यावर.

नव्या सुनेचे पहिले शंकरपाळे. मी बशी पुढे केली. प्रल्हादभाऊ एक खाऊन म्हणाले, "वहिनी, खुसखुशीत झालेत." मुकेशभैयांनी अर्धा खाल्ला आणि अर्धा सभ्यपणे हातात धरून ठेवला. चौधरी सरांनी मात्र डोळे मिटून सावकाश चावला.

"पिवळी आहे," सर म्हणाले. "तापीचीच."

* * *

मुकेशभैयांच्या गाड्यांबद्दल मी काही सांगू शकत नाही, कारण त्या कुणीच पाहिलेल्या नाहीत. त्यांनीही नाही. त्यांचा नियम असा की बॉक्स उघडायचा नाही. सील तुटलं की गाडीची इज्जत गेली. त्यांच्याकडे असे अकरा बंद डबे आहेत. रविवारी ते एखादा डबा घेऊन येतात, मध्ये ठेवतात आणि सगळे वरचं चित्र बघतात.

एका दिवाळीत सफाई करताना त्यांच्या बायकोला एक डबा जरा हलका लागला. तिने तसं सांगितलं. मुकेशभैयांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण मनात किडा शिरलाच. रविवारी डबा घेऊन आले. चौघांनी पाळीपाळीने कानाशी धरून हलवला. आवाज नाही. हेमंत म्हणाला, चांगलं पॅकिंग असेल. प्रल्हादभाऊ म्हणाले, भैया, फोडा ना, काय पाहून राहिले. मुकेशभैयांनी डबा छातीशी धरला.

शेवटी मेडिकलमधला तान्ह्या बाळांचा वजनकाटा आणला. त्यावर आधी एक भरलेला डबा झोपवला, मग हा झोपवला. भरलेल्याचं वजन आलं. याचं वजन पुठ्ठ्याएवढंच आलं. म्हणजे सहा वर्षं अगरबत्तीचा धूरसुद्धा लागू न देता जपलेल्या त्या डब्यात गाडीच नव्हती.

मला खरंच वाईट वाटलं. मी म्हटलं, भैया, आता तरी उघडून बघा, भरणाऱ्याकडून चुकून राहिली असेल.

त्यांनी डब्यावरून रुमाल फिरवला. "भाभी," ते म्हणाले, "सील तो ओरिजिनल है ना."

डबा अजून त्यांच्या शोकेसमध्ये आहे. वरच्या कप्प्यात.

* * *

प्रल्हादभाऊंचं दुःख वेगळं होतं. त्यांच्या स्वतःच्या मालकीची गाडी पडद्यावर येऊन गेली होती आणि मंडळ तिला कपाटात घेत नव्हतं.

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्याकडे एका पिच्चरचं शूटिंग झालं होतं. हिरो रस्त्याच्या कडेला उभा राहून आईची चिठ्ठी वाचतो, आणि त्याच्या मागून केळीने भरलेला एक टेम्पो जातो. तो टेम्पो प्रल्हादभाऊंचा. कुणी भाड्याने घेतला नव्हता, ते आपले मंडीत निघाले होते. पण गाडी पडद्यावर आली ती आली, आणि पिच्चर चालला म्हणजे गाडी गाजली, असं त्यांचं म्हणणं. हेमंतचं म्हणणं, गाजला तो हिरो. भांडण तीन रविवार चाललं. चौथ्या रविवारी मतदान झालं, दोन-दोन मतं पडली, आणि निकाल लावायला मला स्वयंपाकघरातून बोलावलं.

मी सीन बघायला मागितला. तो चार सेकंदांचा होता. चिठ्ठी, हिरोचा कान, कानामागे टेम्पो. मी तो बारा वेळा पाहिला, कारण एकदा चूल... म्हणजे गॅस बंद केला आहे की नाही या काळजीत माझं लक्ष नव्हतं, आणि नंतरच्या अकरा वेळा प्रल्हादभाऊ माझ्या तोंडाकडे बघत होते. एवढा मोठा, मिशीवाला माणूस. मी म्हटलं, घ्या.

बनवायचं काम चौधरी सरांकडे. सरांनी दोन महिने घेतले. साबणाच्या डब्याचा पत्रा, कंगव्याचे दाते, आणि केळी म्हणून पिवळ्या रंगात बुडवलेले तांदूळ. एका रविवारी त्यांनी रुमाल बाजूला केला आणि आम्ही सगळे पुढे वाकलो. इतका सुंदर टेम्पो. ताडपत्रीचं ठिगळसुद्धा होतं. प्रल्हादभाऊंनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि फिरवला. उजवीकडे काहीच नव्हतं. कोरा पुठ्ठा.

"सर, इकडून राहिला ना," प्रल्हादभाऊ म्हणाले.

"इकडून तो पडद्यावर आलाच नाही," सर म्हणाले.

* * *

मिनू रांगायला लागली तेव्हा मी कायदा केला.

माझ्या काळज्यांबद्दल घरात विनोद चालतात, ते मला माहीत आहे. मिनूला एक शिंक आली की मी मोबाइलवर वाचायला लागते, आणि तिसऱ्या पानापर्यंत पोचते तेव्हा मलाच ताप चढलेला असतो. पण वाचलं होतं ते खोटं नव्हतं. लहान मुलाच्या घशाएवढी नळी घ्यायची, आणि त्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती मुलाच्या हाती लागू द्यायची नाही. त्रेचाळीस गाड्या, प्रत्येकीला आरसे, दिवे, वायपर. मी मंडळाला सांगून टाकलं: गाडीचा एक जरी तुकडा मिनूच्या तोंडात गेला, तर त्याच दिवशी कपाट डोईफोडियाला.

डोईफोडियाला हेमंतच्या मोठ्या भावाचं शेत आहे. तिथल्या खोलीत खताची पोती आणि बकऱ्या. तिकडे दर रविवारी कोण जाणार? म्हणजे कपाट गेलं की मंडळही गेलं. हेमंतचा चेहरा बघून मला कसंसंच झालं. दिवसभर दुकानात लोकांसमोर कापड उलगडायचं, ते 'बघून सांगतो' म्हणून गेले की पुन्हा घडी घालायची. आठवड्यातले हे दोनच तास तो मनापासून हसतो. पण कायदा तो कायदा. मी शब्द मागे घेतला नाही.

चौधरी सरांनी कायद्याला मान दिला. मला ड्रॉइंगच्या कागदाची नळी करून दिली, मिलिमीटरपर्यंत बरोबर. मी ती घेऊन घरभर फिरले. गाडी एकही गेली नाही. सगळे सुटे भाग मंडळाने माझ्यासमोर पुन्हा चिकटवले, कपाटाला कुलूप लावलं. मग मी उरलेल्या घराची तपासणी केली आणि आरपार जाणाऱ्या वस्तूंची यादी केली. शेंगदाणे. हरभरे. सुपारी. कानातल्याची फिरकी. कुकरच्या शिट्टीचा तुकडा. चिंचोके. एकोणीस वस्तू झाल्या आणि एकोणीसही माझ्या.

सरांनी यादी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली.

"बेटा," ते म्हणाले, "कपाट राहू दे. स्वयंपाकघर पाठवू डोईफोडियाला."

* * *

आता या पावसाळ्यानंतरचं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, म्हणून जरा हळू सांगते.

बुधवारी दुपारी मिनू झोपली होती. मी धूळ पुसायला कपाट उघडलं. किल्ली माझ्याकडेच असते. आणि माझ्या लक्षात आलं की डाकूंची गाडी मागच्या रांगेत आणि पोलिसांची जीप तिच्या पुढे उभी आहे. म्हणजे पोलीस पळताहेत आणि डाकू पाठलाग करताहेत. मला ते बघवेना. मी दोघांची जागा बदलायला घेतली. मग वाटलं, काळी गाडी वळणावर हवी. मग बस आडवी घालावी. थोडक्यात, एम.एस्सी. झालेली बाई भर दुपारी जमिनीवर बसून पाठलाग लावत होती. त्यात माझी बांगडी अडकली आणि पोलिसांच्या जीपचा डावा आरसा तुटून हातात आला.

आरसा मोहरीपेक्षा मोठा, तुरीच्या डाळीपेक्षा लहान. मी तो माझ्या टिकल्यांच्या पाकिटात, मधल्या रिकाम्या जागी चिकटवून ठेवला. रविवारी सांगू म्हटलं. रविवारी सांगायचं धैर्य होईना. पोहे करायला गेले.

मंडळाची हजेरी ही जुनी पद्धत आहे. सगळ्या गाड्या सतरंजीवर काढायच्या, हेमंत नाव घेणार, ज्याच्या हातात गाडी असेल त्याने तपासून 'हजर' म्हणायचं. त्या दिवशीही मिनू त्यांच्यामध्ये बसली होती. मी आतून ऐकत होते. हजर, हजर, हजर. पोलिसांच्या जीपचं नाव आलं आणि पुढे काहीच नाही.

थोड्या वेळाने हेमंत आत आला, पोह्यात डोकावला, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, मिनूने आज काय काय खाल्लं. मी कौतुकाने यादी सांगितली. तो घाम पुसत बाहेर गेला. मग मुकेशभैयांचा फोनवरचा आवाज आला, दबका. डॉक्टरसाब, चीज चिकनी है, छोटी है. बच्ची? बच्ची तो खेल रही है. हाँ जी. दो-तीन दिन. केला? केला तो बहुत है जी.

तेव्हा मला कळलं. आरसा मिनूने गिळला असं त्यांना वाटत होतं, आणि कपाट डोईफोडियाला जाऊ नये म्हणून ते माझ्यापासून लपवत होते.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. टिकल्यांचं पाकीट हाताच्या अंतरावर होतं. पण मला आधी राग आला. पोरीच्या पोटात आरसा आणि हा कपाट वाचवतोय! मग वाटलं, डॉक्टरला तर विचारलंय त्यांनी. मिनूच्या पोटात तर काहीच नाही. मग म्हटलं, बघू या तरी.

सोमवारी सकाळी हेमंत म्हणाला, "आजपासून मिनूची पॉटी मी धुणार. तू किती करशील?" दोन वर्षांत त्याला पॉटी ठेवतात कुठे हे माहीत नव्हतं. मी म्हटलं, नको, तुला दुकान आहे. त्याने माझ्या हातून ती अक्षरशः ओढून घेतली. प्रल्हादभाऊ इच्छापूरहून केळीची अख्खी फणी घेऊन आले, दुसऱ्या दिवशी आणखी एक. मुकेशभैया तासातासाने दुकान सोडून येत आणि डोळ्यांनीच हेमंतला विचारत. हेमंत मान हलवे. चौधरी सर मिनूजवळ बसून तिला नळाची, झऱ्याची, धबधब्याची चित्रं काढून दाखवत होते. गाड्यांचा बारीक भाग उचलायचा त्यांचा स्टीलचा चिमटा दोन दिवस आमच्या बाथरूममध्ये होता. तो सरांनी पुन्हा कधी मागितला नाही.

आई म्हणून मी कशी आहे, याची मला रोज शंका येते. पण बायको म्हणून ते दोन दिवस माझे फार सुखाचे गेले.

बुधवारी सकाळी मात्र मला राहवेना. हेमंतचे डोळे खोल गेले होते. मिनू केळं दिसलं की तोंड फिरवायला लागली होती. मी टिकल्यांच्या पाकिटातून आरसा काढला, मुठीत धरला आणि ठरवलं की सगळ्यांसमोर सांगून टाकायचं, मग काय हसायचं ते हसोत. बाहेर आले. सर, मुकेशभैया, प्रल्हादभाऊ तिघंही हातातली कामं सोडून आलेले. बाथरूमचं दार उघडलं आणि हेमंत बाहेर आला. हातात चिमटा, चेहऱ्यावर रंग नाही.

मला समोर बघून तो ढासळलाच. एका दमात सगळं बोलून गेला. जीपचा आरसा गेला होता, मिनूने गिळला, तुला सांगितलं नाही, डॉक्टरला विचारत होतो, माझं चुकलं, कपाट आजच पाठवतो, दादाला फोन करतो.

मी मूठ उघडायला लागले.

"पण आरसा नाही गं निघाला," हेमंत म्हणाला. "स्टिअरिंग निघालं."

मुकेशभैयांनी डोक्याला हात लावला. मिनू बाथरूममधून टाळ्या वाजवत बाहेर आली. सगळे माझ्याकडे बघत होते. मी त्या मुलीची आई. मी किंचाळायला हवं होतं, पोरीला छातीशी धरायला हवं होतं, निदान डॉक्टरचा नंबर तरी मागायला हवा होता. हे सगळं मी पुढच्या पाच मिनिटांत केलंही.

पण देवाशप्पथ सांगते, माझ्या तोंडून आधी निघालं ते हे.

"कुठल्या गाडीचं?"